दोन गुण कमी

९ जून २०२५, सोमवार

नोटीस लागली. पंधरा जुलैपासून लॅबमधल्या सगळ्यांना रोटेशन. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. सगळ्यांना म्हणजे मलाही!

सहा वर्षं मी जनरल शिफ्टला आहे, रोज दिवसाची. दौंडहून ८.१० ची कंपनीची बस, खिडकीकडची तिसरी सीट, कुरकुंभला पोचलं की आधी वजनकाटा तपासायचा, मग सँपल, दीडला जेवण. एवढं जागेवर राहिलं की बाकीचा दिवस मी निभावते. कोणाला काही कळतसुद्धा नाही. हीच तर गोची आहे!

गेल्या वर्षी माणसं कमी होती म्हणून दोन आठवडे सेकंडला टाकलं होतं. अकराव्या दिवशी मी वॉशरूममध्ये कान दाबून बसले ती दोन तास उठले नाही. मेंटेनन्सवाल्याला बोलावून कडी काढावी लागली. त्यानंतरच पुण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी कागदावर नाव आलं – अटिपिकल ऑटिझम.

आज तो कागद घेऊन एचआरच्या प्राची मॅडमकडे गेले. त्यांनी वाचला. मग माझ्याकडे वरून खालून बघितलं. ‘तुला? अगं, तू तर बोलतेस! आमच्या सोसायटीत एक मुलगा आहे, तो बोलतच नाही.’

बरं. त्याच्या वाटचं मी गप्प बसू का?

खाजगी डॉक्टरचं चालत नाही म्हणाल्या. सरकारी सर्टिफिकेट आण, जनरल देते. नाहीतर सगळ्यांसारखं रोटेशन, नाहीतर राजीनामा. ‘राजीनामा’ हा शब्द त्या हसून म्हणाल्या.

१० जून

आज सगळी सँपल दोनदा तपासली. चूक एकही नाही. राग मात्र जाईना.

१४ जून, शनिवार

शिरूरला घरी. एसटी न्हावऱ्याला पाऊण तास उभी. शेजारचा माणूस मोबाईलवर मोठ्याने क्रिकेट बघत होता, माझ्या दाताला दात लागले होते.

आईला सांगितलं, बुधवारी पुण्याला सरकारी हॉस्पिटलात चल. लहानपणीचं आईलाच विचारतात. आई भांडी घासत होती. ‘कशाला गं दबू? तुला काय झालंय? नोकरी करतीस, एकटी राहतीस.’ म्हटलं, आई, नोकरी जाऊ नये म्हणूनच. ‘लोकं काय म्हंतील? पोरगी येडी हाय म्हंतील.’

पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, काही गोष्टी तुझ्यात ठळक आहेत, काही अजिबात नाहीत, तू कुठल्याच चौकटीत पूर्ण बसत नाहीस. आई म्हणाली, ‘मंग न्हाईच की!’

हे असं. जिथे ‘आहे’ म्हणायचं तिथे मी कमी पडते. जिथे ‘नाही’ म्हणायचं तिथे जास्त होते.

शेवटी तयार झाली. जेवायला वाढलं, ताट ओट्यावर ठेवलं आणि बाजूला झाली. आई हातात कधी काही देत नाही, ठेवते. मी उचलते. तिची जुनी सवय.

१८ जून, बुधवार

पुणे. सकाळी सातची गाडी, साडेअकराला नंबर. आईने पपांच्या वेळची रेशमी साडी नेसली होती! हॉस्पिटलात! म्हटलं, आई, हे स्थळ नाही. ‘असू दे. चार मोठी मानसं बसल्याली असत्यात.’

मला आत अर्धा तास. तीन डॉक्टर. नजरेला नजर देता का? मी दिली. म्हणजे त्यांच्या भुवयांच्या मध्ये बघितलं. ते आईनेच शिकवलंय – संडेस्कूलमध्ये वचन म्हणायला उभी केली की म्हणायची, मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघ, लोकांना वाटतं त्यांच्याकडंच बघतीया. तेव्हापासून मी चर्चच्या अख्ख्या मंडळीत धीट म्हणून प्रसिद्ध!

मित्रमैत्रिणी आहेत का? म्हटलं, एक आहे, तीही बदलून नाशिकला गेली, त्यामुळे आमचं फार छान जमतं. तिघांतले म्हातारे डॉक्टर मोठ्याने हसले. मी खूश झाले. मूर्ख! त्या हसण्याचेच गुण कापले असणार.

ट्यूबलाइट गुणगुणत होती, ती बंद करा म्हणायचं धाडस झालं नाही. तेच म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग आईला एकटीला घेतलं. वीस मिनिटं. मी बाहेर फरश्या मोजल्या. बाहेर आली तर पदर सारखा करत, मान ताठ. काय विचारलं? ‘काय न्हाई. ल्हानपनीचं. समदं चांगलं सांगितलं.’

परतीला उसाचा रस प्यायलो. आई खुशीत होती.

१९ जून

सतीश सर म्हणाले – लॅबचे मॅनेजर – ‘तू मला जनरललाच पाहिजेस, पण वर दाखवायला कागद दे.’ निदान एक माणूस सरळ बोलतो.

२६ जून, गुरुवार

निकाल. अर्धा दिवस रजा टाकून गेले.

ऑटिझम ‘आहे’ ठरायला सत्तर गुण लागतात. मला अडुसष्ट.

दोन गुण कमी! शाळेत दोन गुणांनी माझा कधी नंबर हुकला नाही आणि आता इथे हुकला. खाली छापील ओळ: सामान्य. नॉर्मल! बत्तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते प्रमाणपत्र मिळालं, नको त्या दिवशी.

खिडकीवरच्या कारकुनाला म्हटलं, पुण्यातल्याच डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय की आहे म्हणून. तो म्हणाला, ‘ताई, त्या अटिपिकल म्हणतात. आमच्या कॉम्प्युटरमध्ये तसा कॉलमच नाही.’ फेरतपासणी मागता येते, पण सांगण्यासारखं नवीन काही असेल तर. नवीन काय आणू? मी तीच आहे!

आईला फोन केला. तिने फक्त एवढंच ऐकलं – ‘नॉर्मल लिवलंय? सरकारी कागदावर? परमेश्वरा!’ आणि रडायला लागली.

मीही रडत होते. दोघी दोन वेगळ्या कारणांसाठी, एकाच फोनवर.

२९ जून, रविवार

क्रमाने लिहिते. 

चर्चमध्ये उपासनेत सूचना झाल्या. मग पाळकसाहेब म्हणाले, कोणाला देवाच्या कृपेची साक्ष द्यायची असेल तर उभं राहावं. आणि माझ्या शेजारून आई उठली.

‘मंडळीला जय ख्रिस्त. माझ्या दबोराला पुण्याच्या डॉक्टरनी मोठा आजार सांगितला हुता. मी कुनाला बोलले न्हाई. गुडघ्यावर पडून प्रार्थना केली. आन् आता सरकारी डॉक्टरनी लिवून दिलंय – पोरगी नॉर्मल हाय. देवानं बरं केलं.’

आमेन! हालेलुया! मागच्या बाकावरच्या बायका डोळे पुसत होत्या. आईने उपकारस्तुतीचं, म्हणजे दानाचं, पाकीट पुढे नेऊन ठेवलं. मी हातातल्या घड्याळाकडे बघत बसले. अकरा वाजून सात मिनिटं.

बरं केलं? नोकरी जाते आहे, आणि बरं केलं? तो बरं झाल्याचा कागद नाही, तो मला दारातून परत पाठवल्याचा कागद आहे!

एरवी उपासना सुटली की मी चपलांपाशी जाऊन उभी राहते, म्हणजे हात मिळवावे लागत नाहीत. आज चपलांपर्यंत पोचूच दिलं नाही. तीस तरी हात. ओले, गरम, दाबणारे. एका आजीने गालाला गाल लावला. घरी येऊन कोपरापर्यंत साबण लावला, दोनदा.

आईला म्हटलं, तू हे काय केलंस? ‘कागदावर जे हाय तेच बोलले की.’

३० जून, सोमवार

जोएल. आमच्या मंडळीतला, कंपनीत पॅकिंगला आहे. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत कँटीनभर झालं होतं.

प्राची मॅडम स्वतः लॅबच्या दारात आल्या. ‘अभिनंदन दबोरा! ऐकलं मी. किती छान! मग आता रोटेशनला काही प्रॉब्लेम नाही ना?’

मी ‘नाही’ म्हणाले. का म्हणाले? समोर कोणी हसून विचारलं की माझ्या तोंडून तेच निघतं जे त्यांना हवं असतं. हे कुठल्या कॉलममध्ये बसवता, सांगा!

१ जुलै

नवीन तक्ता लागला. माझं नाव: सेकंड.

३ जुलै, गुरुवार

फोनवर आईशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, तू सगळ्या मंडळीसमोर, देवाच्या घरात खोटी साक्ष दिलीस. तुला मुलगी नको होती, दाखवायला कागद हवा होता. दोन गुण, आई! फक्त दोन! आणि तू त्याचा चमत्कार केलास!

 तिने फोन ठेवला. आई कधी आधी फोन ठेवत नाही.

फार बोलले. पण खोटं काय बोलले?

६ जुलै, रविवार

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. जाणार नव्हते, गेले. आई साध्या सुती साडीत. 

पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, कोणाच्या मनात काही राहिलं असेल तर आधी ते मिटवा, मग मेजाजवळ या. एकेक बाक उठत गेला. आमचा उठला. आई उठली नाही.

मी मध्येच थांबले. मागचे लोक अडले. आईने खाली बघत मान हलवली – तू जा. पपा गेले त्या आठवड्यातसुद्धा ती पुढे गेली होती. उभ्या आयुष्यात तिने एक प्रभुभोजन चुकवलेलं मला माहीत नाही. सगळी मंडळी बघत होती. मी भाकर घेतली, पेला घेतला, परत आले. ती तशीच, दोन्ही हात मांडीखाली.

मला कळतं. हे माझ्यासाठी होतं. मी ओरडले म्हणून शिक्षा, तीही चारचौघांत. जेवायला न थांबता दौंडची गाडी पकडली. रोटेशनला अजून नऊ दिवस.

७ जुलै, सोमवार

कामावरून आले तर आई खोलीच्या पायरीवर बसलेली. न सांगता, एकटी, दोन गाड्या बदलून. आत आल्यावर पाणीसुद्धा न पिता बोलली.

‘त्या सरकारी डॉक्टरबाईंनी इचारलं, ल्हान असताना रडाय लागली आन् तुमी उचलून घेतलं, तर गप व्हायची का? मी म्हनले, व्हय. लगीच गप व्हायची.’

मग पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

‘न्हाई व्हायचीस. जास्तच रडायचीस. खाली गोधडीवर ठिवलं का गप. पाच म्हैन्याची हुतीस. आईनं घेतल्यावर रडनारं पोर – हे परक्या मानसाला कसं सांगू, दबू? त्यावर साक्ष दिऊन आले. मला पेला कसा घ्यावा?’

परत हॉस्पिटलात चल म्हणाली. या वेळी खरं सांगते.

  ती उठली, पिशवीतून डबा काढला. मी हात पुढे केला होता. तिने डबा टेबलावर ठेवला, माझ्याकडे सरकवला आणि बाजूला झाली.

बत्तीस वर्षं मी समजत होते, ती तिची सवय आहे.