रामधनचं उत्तर

३ फेब्रुवारी
आलो बावा जेलात! लोकं रडत येतात, मी हासत आलो. गुन्हा काय, तं पंचायतीच्या भोंग्यावरून सरपंच वारल्याचं सांगतलं. अर्धा गाव हार घेऊन गेला, अन् सरपंच दारात दाढी करत बसलेला. मंग झोंबाझोंबीत त्याचं डोस्कं फुटलं, माह्याच हातानं. खोटं कायले बोलू. आता २४ तारखेले कळंबचा मामा सातबारा घेऊन जामीन राहीन, माय त्याले घेऊन येईन, का मी बाहेर. तीन हप्ते पाव्हणचारच समजा.

५ फेब्रुवारी
नववी नापासले नोकरी लागली! टपालाचे हवालदार पूनमसिंग. त्याईनं माह्यं अक्षर पाह्यलं अन् मले रायटर करून टाकलं. ज्याले लिहिता येत नाई त्याची चिठ्ठी लिहायची, बाहेरून आलेली फोडायची. साहेबानं वाचली का 'तपासले'चा शिक्का मारायचा, अन् बराकीत नेऊन वाचून दाखवायची. मी पूनमसिंगच्या डब्यावरही शिक्का मारला. म्हणे, सोनू लेका, पुढचा तुह्या टाळक्यावर बसन. ही वही त्याईनंच देली.

८ फेब्रुवारी
माह्या बराकीत उकंडाबुवा हाय. दिग्रसकडच्या तांड्याचा म्हातारा, जन्मठेपेचा. दर शनिवारी पोराले, रामधनले, चिठ्ठी लिहून घेते. दोन वर्सं झाले, उत्तर नाई. तरी रोज मले विचारते, छोऱ्याची आली का रे?

आज त्याचीच चिठ्ठी वापस आली. पोस्टमननं वर लिहिलं, 'मयत'. अशी चिठ्ठी जेलरसाहेबाले द्यायची असते, ते कैद्याले समोर बसवून नीट सांगतात. मी नाई देली. डोस्क्यात किडा वळवळला. आंतर्देशीय घेतलं अन् रामधन होऊन लिहिलं: बापू, मी घरी आलो. मायजवळच हाव. आता कोठी जात नाई. वर शिक्का ठोकला, वाचून दाखवलं.

म्हातारा मले उचलून नाचला. आख्ख्या बराकीत गूळ वाटला त्यानं. मी गोधडीत तोंड खुपसून हासलो.

१३ फेब्रुवारी
सातबाऱ्याची आठवण म्हणून मायले तीन चिठ्ठ्या टाकल्यात्या. तिले वाचता येत नाई, शेजारची निशिगंधा वाचून देते, उत्तरही तेच लिहिते. आज उत्तर आलं. पण अक्षर माह्यं. माह्यंच! लिहिलं, सोनू तं रविवारीच घरी आला, जामीन झाला म्हणे, दोन-दोन भाकरी खाऊन राह्यला. तू कोण होय? कायले चिठ्ठ्या टाकतं?

निशिगंधानं जुन्या खोड्यांचा बदला घेतला वाट्टे. अक्षर बी शिकली माह्यं. शाबास पोरी.

१५ फेब्रुवारी
उकंडाबुवाले सहज त्याच्या बायकोचं विचारलं. म्हणे, रामधन चार वर्साचा होता तवाच गेली ते. म्हणे, चिठ्ठीत माय लिहिलं तवा मलेही नवल वाटलं, पण छोरा आला हेच लय झालं.

मंग रामधन कोणत्या मायजवळ आला? अक्षर माह्यं होतं. अन् 'माय' लिहिताना माह्या डोळ्यापुढं माहीच माय होती. चिठ्ठी लिहिली शनिवारी. तो घरी आला रविवारी.

१८ फेब्रुवारी
आज फोनची पाळी. हप्त्याले एकदाच भेटते. मायचा नंबर लावला. उचलला माणसानं. आवाज माहा. म्हनलं, मायले दे. मांगून माय हासून राह्यलती, विचारत होती, कोनाचा फोन रे सोनू? तो म्हणे, जेलातून कोनी रामधन हाय माय, खोड्या करते.

फोन ठेवला त्यानं.

१९ फेब्रुवारी
पूनमसिंगले सारं सांगतलं, 'मयत'वाली चिठ्ठी बी दाखवली. ते पोट धरून हासले. म्हणे, सरपंचाले मारलं, आता हे. खऱ्याचं खोटं करनं सोड बे.
मी पाया पडलो. तरी हासलेच.
आता मायले चिठ्ठी कशी — ते वाचणार तोच ना.

२४ फेब्रुवारी
कोर्ट. माय नाई. मामा नाई. वकील कागद दाखवून म्हणे, सोनूचा जामीन तं ९ तारखेलेच झाला, तो गेला घरी. तू कोण?
कागदावर सही माही. मी केली नाई. मी कधीच —

२५ फेब्रुवारी
गिनतीत पूनमसिंगनं मले रामधन म्हनलं. खोडी नाई. हासले नाई ते. हजेरीच्या बुकात बी तेच — रामधन उकंडा. काल सोनू होतं, मी पाह्यलंतं, मी —

२७ फेब्रुवारी
मुलाकत. जाळीपलीकडं माय. बाजूले तो. माह्या शर्टात.
माय हात जोडून म्हणे, बावा, नका टाकू चिठ्ठ्या, माहा सोनू भेते.
मी ओरडलो, माय, मी होय — तिनं त्यालेच पोटाशी धरलं. अहो-जाहो करून बोलली माह्याशी. माही माय.
तो जाताना तिचा पदर धरून गेला, लहान लेकरावानी.

२८ फेब्रुवारी
उकंडाबुवा आता माह्या डोस्क्यावरून हात फिरवते. छोरा, म्हणते. आला माहा छोरा. मले बरं वाट्टे — नाई. नाई वाटत. लिहून ठेवतो. मी सोनू. राळेगावकडचा. नववी नापास. शेजारी निशिगंधा. मायचं नाव बी लिहून ठेवतो, म्हणजे जाणार नाई — मायचं नाव — माह्या मायचं नाव —