धुतलेली वाळू

३ मार्च, बुधवार

माझ्या हातचं: चार ड्रम. प्रत्येकात तळाला खडी, मग जाड वाळू, वर बारीक. चार नळ, लोखंडी स्टँड, झाकणं. कुणाकडे शिकलो नाही – पुस्तकं वाचून, चुकत चुकत. रविवारी शाळेची पदयात्रा, स्वच्छ पाण्यासाठी. सहा किलोमीटर. वाटेत चार ठिकाणी नदीचं पाणी माझ्या ड्रममधून गाळून लोकांना द्यायचं. बायको म्हणते, फोटोत जरा हसा तरी.

६ मार्च

वाळूवर शेवाळाची साय धरली आहे. महिनाभर मीच धरू दिली. तिच्यातले जीवच पाण्यातले जंतू खातात – जो भेटेल त्याला मीच हे ऐकवतो. पण उद्या पेपरवाले येणार आणि आत डोकावलं की हिरवंगार! उपसून काढली. वाळू सात पाण्यांनी धुतली.

मुलगी म्हणाली, "बाबा, साय काढायची नसते ना?"

तू मला शिकवू नकोस, म्हटलं.

७ मार्च

पाणी काचेसारखं. दोनशे दहा माणसं, पुढे मी, हातात फलक. शेवटच्या ठिकाणी सरबतवाल्या बाईंनीही सरबतासाठी माझंच पाणी भरून घेतलं. मुलगी दोन ग्लास प्यायली. मी घरची बाटली नेली होती. का, ते लिहीत नाही.

९ मार्च

एकतीस जण आजारी. जुलाब, उलट्या. दोघे सलाइनवर. त्यांतली एक आमची.

१० मार्च

आरोग्य खात्याची माणसं सरबताची गाडी उचलायला आली. बर्फ खराब असणार म्हणे. मुख्याध्यापिका, पेपरवाला, सगळे जमलेले. मीही.

बाईंनी मला हाक मारली. "दादा, तुम्हीच सांगा यांना. पाणी तर तुमचं होतं!"

बोट दाखवत नव्हत्या. माझं पाणी म्हणजे त्यांना खात्री वाटत होती. मला साक्षीला उभं करत होत्या. मी मान हलवली – हो की नाही, मलाही कळलं नाही. गाडी गेली. बाई रिकाम्या जागेवर पदर खोचून उभ्याच.

११ मार्च

मुलगी घरी आली. उकळलेलं पाणी मागून घेते. सायीबद्दल एक अक्षर नाही. चिडली असती तर परवडलं असतं.

१३ मार्च

मुख्याध्यापिकांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. म्हणाल्या, "आता बाहेर काढून शाळेची शोभा कशाला? बाईंचं बघू काहीतरी. तुम्ही यापुढे साय जपा, आणि बाकीच्या शाळांच्या ड्रमचं हे काम घ्या."

तिथून आरोग्य खात्यात गेलो. लिहून दिलं, सही केली, बाईंच्या घरी जाऊन तेच तोंडाने सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

नाकारलेलं काम: चौदा शाळा, बेचाळीस ड्रम. एक लाख अडुसष्ट हजार.