एका फेरीपुरती गच्ची

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, इस्पितळातील निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शरीराबद्दल त्यांनी वेगळा कागद दिला आहे. तो जोडलेला नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. दमले आहे, पण दमण्याने मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी पुढे आणलाच तर तो खोटा समजावा.

१. हे घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. तळमजला, गच्ची, गच्चीवरची एक खोली आणि बाहेरून चढणारा लोखंडी जिना. हे सर्व मी माझ्या एकुलत्या एक मुलीला पूर्ण मालकीने देते. तिने विकावे, भाड्याने द्यावे, पाडावे. ती इथे राहायला येणार नाही हे मला माहीत आहे. शेजारचे दातांचे डॉक्टर घर घ्यायला टपलेले आहेत, त्यांना दिले तरी चालेल. मात्र त्याआधी कलम सहा वाचावे.

२. बँकेतली शिल्लक आणि ठेवी मुलीला. माझ्या मागचा खर्च त्यातून करावा. जेवणावळ घालू नये. माझ्या आजारात जे आले नाहीत ते जेवायला येतील.

३. दातांच्या डॉक्टरांविषयी. त्यांच्या दवाखान्यावर पांढऱ्या उजेडाची पाटी आहे आणि तिच्यावर एक हसणारी दाढ आहे. ती दाढ कित्येक वर्षे माझ्या दक्षिणेकडच्या आकाशात हसते आहे. एकदा मी त्यांना विचारले, ‘‘डॉक्टर, दवाखाना बंद असतो तेव्हा पाटी कशाला जळत ठेवता?’’ ते म्हणाले, ‘‘मावशी, दाढ काय वेळ बघून दुखते का?’’ पाटीवर बसेल असा पत्र्याचा आडोसा मी करून घेतला आहे. तो त्यांना देणार होते, पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. म्हणून आडोसा मुलीला देते. तिने तो त्यांना द्यावा आणि लावून घ्यावा.

४. गच्चीवरच्या खोलीतला कॅमेरा, तिवई, जुनी लेन्स आणि कॉम्प्युटर मी माझ्या पतीला देते.

हा कॅमेरा गोदामावर पहारा ठेवायला बनवलेला आहे. उजेड जवळजवळ नसताना दिसावे, एवढेच त्याचे काम. गोदाम बंद पडले तेव्हा पतीने तो भंगारात जाण्याआधी मागून आणला. तिवईवर घट्ट बसवायचा आणि हलवायचा नाही. पडद्यावर तारे हळूहळू एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकतात. जो ठिपका सरकत नाही तो तारा नव्हे, उपग्रह. तो इतका उंच असतो की पृथ्वीच्या फिरण्याबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला जागच्या जागी दिसतो. आजूबाजूच्या ताऱ्यांवरून त्याची जागा मोजायची आणि मंडळींना कळवायची. मंडळी म्हणजे निरनिराळ्या देशांतली आमच्यासारखी बिनपगारी माणसे. काही उपग्रह सरकारे जाहीर यादीत घालत नाहीत. ते कुठे आहेत यावर ही मंडळी लक्ष ठेवतात.

कशासाठी, असे लोक विचारतात. मी नोकरीभर लोकांच्या छातीत काय आहे ते बघून कळवले, तेव्हा कोणी विचारले नाही.

तिवईच्या एका पायाचे आटे गेले आहेत. त्याला कापडाची चिंधी गुंडाळली आहे, ती काढू नये.

५. माझे पती हयात आहेत. आमचा घटस्फोट झालेला नाही. भांडणही झालेले नाही. ते एका वर्षाच्या कामासाठी परदेशी गेले, समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या कारखान्यात, आणि दर वर्षी एक वर्ष वाढवत गेले. मुलगी तेव्हा शाळेत होती. दुसरी बाई असती तर मला भांडायला बरे पडले असते. तशी कोणी नव्हती. पुढे वाढवल्याचे कळवणेही त्यांनी सोडले आणि मी विचारणे सोडले.

एक गोष्ट मात्र दोघांनी सोडली नाही. एक मेलेला उपग्रह आहे. कोणाचा ते ठाऊक नाही, कोणी कबूल करत नाही. मुलगी लहान असताना आम्ही दोघांनी तो याच गच्चीवरून हेरला. पतीने त्याला ‘घरजावई’ नाव ठेवले, कारण तो काम करत नाही आणि घर सोडत नाही. नाव चुकले. पुढे कळले की तो घर सोडतो. इंधन संपल्यामुळे त्याला धरून ठेवणारे कोणी नाही. तो झोपाळ्यासारखा पूर्वेकडून पश्चिमेकडे झुलतो आणि एक झोका पुरा व्हायला काही वर्षे लागतात. पश्चिमेला गेला की तो फक्त पतीच्या परदेशातल्या गावाहून दिसतो, पूर्वेला आला की फक्त इथून. त्याचा एखादा पत्रा सुटलेला असावा. तो लुकलुकतो, आणि उन्हाच्या रेट्याने भरकटतो. बरेच दिवस कोणी पाहिले नाही तर गणित चुकते, आणि मग तो हरवतो. म्हणून ज्याच्या आकाशातून तो जायला निघतो त्याने दुसऱ्याला जागा कळवायची आणि लिहायचे, आता तुमच्याकडे. मंडळींचा हा रिवाज आहे. आम्हां नवराबायकोत इतकी वर्षे एवढाच पत्रव्यवहार आहे.

माझी धाकटी बहीण म्हणते, ‘‘ताई, एक इकडून वर बघतेय, एक तिकडून. अगं, समोर कोण बघणार?’’ तिला माझ्या चारही बांगड्या द्याव्यात. तिच्या हातात त्या चढणार नाहीत. तरी द्याव्यात, तिचा डोळा आहे त्यांच्यावर.

मुलीच्या लग्नाला तिचे वडील आले नाहीत. त्या दिवशी त्यांचा निरोप आला. मी पाहुण्यांत होते, तो मुलीने आधी वाचला. त्यात घरजावयाची जागा होती आणि खाली ‘आता तुमच्याकडे’. बाकी काही नव्हते. तेव्हापासून मुलीने त्यांना ‘बाबा’ म्हटलेले नाही. तिचे चुकते असे मी म्हणत नाही. तो निरोप मी त्या दिवशी पाहिला नाही, दुसऱ्या दिवशी पाहिला, आणि कॅमेरा लावला.

सध्या तो त्यांच्याकडे आहे. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बाजूला येईल. मी तेव्हा नसेन. या बाजूला बघणारे आणखी दोघे होते. एक वारले. दुसरे मुलाकडे शहरात राहायला गेले, तिथले आकाश रात्रीही दुधासारखे असते. मागच्या महिन्यात मी पतीला, रिवाज मोडून, दोन ओळी जास्त लिहिल्या. ‘पुढच्या फेरीला मी नसेन. इथे येऊन बघाल का?’ आठवडाभराने उत्तर आले. ‘जिन्याला कठडा आहे का अजून? माझे गुडघे गेले.’

मी कठडा पक्का करून घेतला.

६. म्हणून असे ठरवते की माझ्या पश्चात घर मुलीचेच राहील, परंतु गच्ची, वरची खोली आणि बाहेरचा जिना वापरण्याचा हक्क माझ्या पतीला राहील. हा हक्क घरजावई पुढच्या वेळी या आकाशात उगवल्यापासून मावळेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, एका फेरीपुरता आहे. मालकी नाही, भाडे नाही, खाली वावर नाही. वर नळ आहे. शेगडी ठेवली आहे. फेरी संपली की हक्क संपला, मग घर खुशाल विकावे. दातांच्या डॉक्टरांना तोवर थांबावे लागेल. त्यांना हा मजकूर वाचायला दिलेला नाही. साक्षीदाराने सही बघायची असते.

हे कलम मी मुलीला आधी वाचून दाखवले. त्यावर जे बोलणे झाले ते इथे लिहिते, म्हणजे पुढे कोणी मी तिला अंधारात ठेवले असे म्हणू नये.

ती म्हणाली, ‘‘आई, ते इथे येणार? या घरात?’’

‘‘घरात नाही. गच्चीवर.’’

‘‘गच्ची काय हवेत आहे? आणि कठडा विचारतात! तुला काय झालंय, किती दिवस आहेत, ते नाही विचारलं.’’

‘‘मीही सांगितलं नाही.’’

‘‘कॅमेरा इथे चालू ठेवून तिथून बघता येत नाही का? आजकाल सगळं येतं.’’

‘‘येतं. पण दव पुसायला, पडली तिवई उभी करायला इथे कोणीतरी लागतं. तू येशील?’’

‘‘त्यांच्या त्या ठिपक्यासाठी? मी नाही पाय ठेवणार तिथे.’’

‘‘मग त्यांना ठेवू दे.’’

‘‘हरवला तर हरवला गं. मेलेलंच आहे ना ते?’’

मी म्हटले, ‘‘हो.’’ तिने पाणी आणून दिले. मग म्हणाली, ‘‘तुझ्या बाराव्याला येणार नाहीत, पण उपग्रहाला येतील. हसू येतं बघ.’’ ती हसली नाही.

मी तिला शपथ घातलेली नाही. या कलमाला हरकत घेतल्यास घर जाईल, अशी अट घालता येते असे वकीलबाई म्हणाल्या. मी घातलेली नाही.

७. इस्पितळातला, एक्स-रे काढताना घालायचा शिशाचा जुना झगा माझ्याकडे राहून गेला आहे. तो परत करावा. कोणी घेणार नाही, पण करावा.

८. कपडे, भांडी, पलंग यांचे मुलीला योग्य वाटेल ते करावे. वरच्या खोलीतल्या दोन्ही खुर्च्या हलवू नयेत.

९. हे कलम शेवटी घालावे लागले. मसुदा पुरा झाल्यावर वकीलबाईंनी विचारले, ‘‘जिन्याच्या दाराला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे राहणार?’’ मी म्हटले, दातांच्या डॉक्टरांकडे ठेवा, जवळ आहेत. मुलगी इतका वेळ खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, ‘‘परक्याकडे कशाला? माझ्याकडे राहू दे.’’

वकीलबाई म्हणाल्या, ‘‘म्हणजे ते आले की तुम्ही द्यायला याल? का कोणाला देऊ नये म्हणून?’’

मुलगी म्हणाली, ‘‘ते माझं मी बघेन.’’

वकीलबाईंनी मला बाजूला सांगितले की असे मोघम ठेवले तर कलम सहा लंगडे पडेल. किल्ली इतक्या दिवसांत द्यावी, असे स्पष्ट घालू या. मी नको म्हटले. ते दार मी उघडून ठेवू शकते, बापलेकीत मी उभी राहू शकत नाही.

तेव्हा जिन्याची किल्ली माझ्या मुलीकडे राहील. यापुढे काही लिहायचे नाही.

लिहून ठेवणार: (सही) घरमालकीण

वरील सही आमच्यासमोर झाली. मजकूर आम्ही वाचलेला नाही.

साक्षीदार १: (सही) दातांचे डॉक्टर, शेजारी
साक्षीदार २: (सही) वकीलबाईंचे कारकून

स्थळ: राहते घर, तळमजला. वर चढवले नाही.
दिनांक: सहीच्या शेजारी शिक्क्यात आहे तो.