गच्चीवरची पवनचक्की आणि वहीचे पान चौदा

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
बांधकाम परवानगी शाखा.

विषय : घरगुती पवनचक्की उतरवण्याच्या नोटिशीस स्थगिती मिळणेबाबत.
संदर्भ : आपली दि. ४ ची नोटीस व सोबतची निनावी तक्रार.

महोदय,

१. मी भौतिकशास्त्राची पदवीधर असून सदर पवनचक्की मी स्वतः बनवली आहे. ट्रेडमिलची जुनी मोटर, पीव्हीसी पाइप कापून केलेली तीन पाती, ट्रकची एक बॅटरी आणि तीन तारांनी ताणून उभा केलेला लोखंडी खांब, एवढाच तिचा पसारा. आमच्याकडे दुपारी एक ते पाच वीज नसते. पत्र्याखालच्या खोलीत माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत. त्यांच्या उशाशी असलेला बारा व्होल्टचा पंखा या पवनचक्कीवर चालतो.

२. तक्रारीत सात दोष दाखवले आहेत. ते सातही, त्याच क्रमाने, माझ्या निरीक्षणवहीच्या पान १४ वर आहेत. यंत्राचे दोष ते बनवणाऱ्यानेच आधी लिहून ठेवावेत, असे आम्हाला शिकवले आहे. सातवा दोष 'आवाज ७८ डेसिबल' हा आहे. हा आकडा चुकीचा आहे. मोजताना वारा थेट मोबाइलच्या माइकमध्ये शिरत होता. आडोसा धरून पुन्हा मोजल्यावर ५८ आला; तो पान १५ वर आहे. तक्रारदाराने पान उलटण्याचेही कष्ट घेतलेले नाहीत. ही चूक फक्त माझ्या वहीत होती. वही कपाटात असते, आणि त्या कपाटाला माझ्याखेरीज हात लावणारा एकच : माझा थोरला भाऊ.

३. मी त्याला विचारले. तो म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केलं गं. उद्या खांब कुणाच्या टाळक्यात पडला तर निस्तरणार कोण?" दोष क्रमांक तीन, म्हणजे पूर्वेकडच्या तारेचा ढिला नट, त्यानेच बसवला होता. तेव्हा म्हणाला होता, "आता हत्ती बांध, हलायचं नाही." नट ढिला झाल्याचे मी सर्वांत आधी त्यालाच सांगितले होते. तक्रारीवरील तारीख पाहता, त्याही दुपारी तो याच पंख्याखाली घोरत होता. हे केवळ माहितीसाठी.

४. पहिले सहा दोष मला मान्य आहेत. आठ दिवस मिळाल्यास ते दूर होतील. सबब नोटिशीत कळवलेली गुरुवारची जप्ती तेवढी पुढे ढकलावी आणि आवाज आपल्या यंत्राने आपणच मोजावा.

५. शेवटची विनंती विचित्र वाटेल. नट आवळायला चौदा फुटी शिडीवर चढावे लागते. आजवर ती भाऊ धरत असे. आई गुडघ्यांनी अधू आहे. भाऊ आताही धरायला तयार आहे. काल तो आपणहून येऊन उभा राहिला. मी चौथ्या पायरीपर्यंत गेले आणि खाली उतरले. तरी कृपया तासाभरापुरता आपल्या कार्यालयातील एखादा माणूस द्यावा. त्याला यंत्रातले काही कळत नसले तरी चालेल. अनोळखी असला तर उत्तम.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
अर्जदार
दि. ७

सोबत : वहीचे पान १४ व पान १५ यांच्या छायाप्रती. कृपया दोन्ही वाचाव्यात.