उदगीरच्या शेतकऱ्याचा फोन

मलकपेठ, हैदराबाद
रविवार

ती. मालनआत्या,

वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि मामांचा खोकला कसा आहे? बेगम बाजारातून गुडघ्यांसाठी तेल घेतले आहे, युवराज गावी येईल तेव्हा त्याच्या हाती पाठवतो.

इकडे माझी नोकरी चालू आहे, विभाग मात्र संपत आला. मी या सरकारी टीव्ही केंद्रात लागलो तेव्हा आमच्या कार्यक्रम विभागात नाटकाची खोली वेगळी, संगीताची वेगळी, शेतीची तर दोन दारांची होती. नाटकवाले निवृत्त झाले, संगीताच्या खोलीत संगणक बसले, बालकार्यक्रम माझ्या गळ्यात पडले (साहेब म्हणाले, तुम्हाला मुले आहेत ना). आता विभागाचे नाव 'कंटेंट', आणि त्यात प्रियदर्शिनी मॅडम व मी, एवढेच. मॅडम माझ्या लेकीच्या, त्रिवेणीच्या वयाच्या, स्वभावाने बऱ्या. पण त्यांना सगळे मोबाईलवर मावेल एवढेच लागते.

मराठी शेतीचा कार्यक्रम मात्र मी जपला. गेल्या बुधवारी तो थेट होता. प्रेक्षकांनी फोन करायचा, कृषितज्ज्ञ अविनाशरावांनी उत्तर द्यायचे. फोन काही वाजेना. मॅडम हळूच म्हणाल्या, "हिम्मतराव, असंच चाललं तर हा बंद करावा लागेल." मी चहा सांगून येतो म्हणत उठलो, जिन्यात गेलो आणि घोगऱ्या आवाजात फोन लावला: उदगीरहून शेतकरी बोलतोय, तुरीवर अळी पडलीय. अविनाशराव भला माणूस. मन लावून ऐकले आणि साऱ्या जगासमोर म्हणाले, "हिम्मतराव, तुम्ही चहा सांगायला गेला होतात ना? तूर कधी पेरलीत?"

तेवढा तुकडा मॅडमनी मोबाईलवर टाकला. इतक्या वर्षांत आमची शेती कुणी पाहिली नाही, ती दोन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिली. आबिड्सचा पानवाला विचारतो, "क्या साब, अळी गई क्या?" मॅडम म्हणतात, आता दर आठवड्याला जिन्यातून फोन करा. मी नक्को म्हणालो. आत्या, खऱ्या शेतकऱ्यासाठी काढलेला कार्यक्रम हा. लोक हसतात आणि मला घास गोड लागत नाही. शेवटी मॅडमनी कबूल केले, एक तरी खरा फोन आला तर कार्यक्रम आहे तसा राहील. (टपालाचा अंदाज धरून मी पंधरवड्याची मुदत मागून घेतली. फोनवरच सांगितले असते, पण आमच्या विभागाला आता दार उरलेले नाही, मॅडम ऐकतील; आणि घरी मुले हसतात.)

तुमचा,
हिम्मत

ता.क. येता बुधवार सोडून पुढच्या बुधवारी, कार्यक्रमाच्या वेळी, संध्याकाळी सहाला तुम्ही फोन कराल का? तूर तुमची खरी, अळीही खरीच असणार. फक्त सुरुवातीला "हिम्म्या, जेवलास का" असे विचारू नका.

आणखी एक. पाकीट चिकटवताना कळले, अविनाशरावांची बदली झाली. उत्तर आता मीच देणार आहे. तेव्हा प्रश्न सोपा विचारा, आणि मी सांगेन ते कृपा करून शेतात करू नका.