बाबांचं चित्र पुसू नकोस

ती. ताई,

नमस्कार. पत्र पूर्ण वाचून झाल्यावरही हा नमस्कार स्वीकारशील अशी आशा आहे. तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला कसा आहे? इथे सगळे ठीक, मला तेवढी झोप नाही.

कारण आपली नात. ती जुन्या वस्तू जतन करायचं शिकते हे तुला ठाऊकच आहे (मला इतके दिवस वाटत होतं, फर्निचरला पॉलिश मारते). काल डबा विसरली म्हणून तिच्या संग्रहालयात गेलो. पांढरा कोट, डोळ्याला भिंग, समोर कुणा बड्या माणसाचं जुनं तैलचित्र. पोरीनं काडीला कापूस गुंडाळला, तोंडात ओला केला आणि ताई, थेट त्या गृहस्थाच्या कानावर फिरवला! मी ओरडलो, "अगं, काढून टाकतील तुला!" तिच्या बाई हसून म्हणाल्या, "आजोबा, थुंकीनं मळ निघतो, रंग नाही. आम्ही सगळे हेच करतो." (मळलेली काडी पुन्हा तोंडात घालत नाहीत, हे मी उभा राहून तपासलं.) सकाळपासून तिच्या हातून त्या गृहस्थाचा एकच कान साफ झाला होता. पण काय कान, ताई! हाक मारली तर वळून बघेल असा. शेजारी फुटका रांजण होता. त्याचा हरवलेला तुकडा तिनं मुद्दाम फिक्या रंगात भरलाय, म्हणजे कुणाला तो जुना वाटू नये. शिवाय उद्या कुणी जास्त हुशार आला तर त्याला काढताही यावा. एवढा प्रामाणिकपणा आपल्या घरात आला कुठून, याचीच आता काळजी लागली आहे.

पुढच्या वर्गात जागा हवी तर एकटीनं साफ केलेलं एक जुनं चित्र दाखवावं लागतं (संग्रहालयातलं, बाईंच्या देखरेखीखालचं चालत नाही). शिकाऊ मुलीच्या हाती कोण देणार? मिळालं नाही तर तिचा बाप तिला बँकेत चिकटवायला टपलेलाच आहे. असो, तुला कशाला त्रास.

लोभ आहेच. राग आला तर तोही कळव.

तुझा धाकटा

ता. क. तुझ्या बैठकीतलं बाबांचं चित्र पाठव. तू कुणाला हात लावू देत नाहीस, माहीत आहे. आणि पाठवण्याआधी पुसू नकोस. मळच हवा आहे.

आणखी ता. क. थुंकीचं भावजींना सांगू नकोस. तूही चिडण्याआधी आठव, शाळेच्या दारात बाबा अंगठा ओला करून आपली तोंडं पुसायचे. आपण कुठे रागावलो?

शेवटचा ता. क. चौकटीचा एक कोपरा ती मला पुसू देणार आहे, पण तंबाखूच्या तोंडानं नाही म्हणाली. डबी कालच फेकली. तेव्हा चित्र लवकर पाठव, माझा काही भरवसा नाही.