आईच्या हातावरचं गोंदण

शॉमबर्ग,
१२ नोव्हेंबर २००६

प्रिय कुशल,

तुला आणि बाबांना माझा लांबूनच जय भीम.

मी बरी आहे, काळजी करू नकोस. ग्रीन कार्डाचं अजून काही खरं नाही, त्यामुळे यंदाही येणं जमेलसं दिसत नाही. बाबा वेळेवर जेवतात ना? त्यांना एकटं बाहेर सोडू नकोस.

रविवारी ऑफिसातल्या नेत्राबरोबर शिकागोला एका व्हिएतनामी बाईचं प्रदर्शन बघायला गेले. तिची आई तिकडे व्हिएतनाममध्येच वारली. आईच्या पाठीवर भाजल्याचा डाग होता, तो हिनं रेशमावर टाके घालून काढलाय. भिंतभर तोच डाग, पण प्रत्येक कापडावर वेगळा. मी त्या बाईलाच विचारलं, यातला खरा कोणता? ती म्हणाली, "आता आठवत नाही, म्हणून तर शिवत बसते."

घरी येऊन मी आपल्या आईच्या हातावरचं गोंदण काढायला बसले. आई गेली तेव्हा तू पाळण्यात होतास. मोठा झाल्यावर सारखा विचारायचास, आणि मी ठासून सांगायचे, डाव्या मनगटावर हिरवं फूल. पण पेन्सिल टेकवली आणि हात थांबला. डावं की उजवं? फूल होतं की मोर? एकुलत्या एका फोटोत तिचे दोन्ही हात पदराखाली आहेत.

बाबांना विचार, असं लिहिणार होते. पण परवा फोनवर त्यांनी मलाच विचारलं, "आपण कोण?" मी नाव सांगितलं, तर म्हणाले, "रेणू अमेरिकेत असते, बाई."

तुझीच,
रेणूताई